कोल्हापुरातल्या मिसळीवर, मटणाच्या ताटावर लिहायचंय? नवख्यांसाठी पायरी-पायरीनं

नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी लातूरहून कोल्हापुरात आलो. पहिले सहा महिने खोलीवर गॅस नव्हता, म्हणून सकाळची मिसळ, दुपारचं ताट, रात्रीची भाकरी सगळं बाहेर. त्यातूनच गुगल मॅप्सवर हॉटेलांबद्दल लिहायची सवय लागली. सुरुवातीच्याच एका खानावळीबद्दल मी लिहिलं होतं, "तांबडा रस्सा एकदम पातळ. दोन तारे." काही महिन्यांनी ऑफिसातल्या एका कोल्हापूरच्या मित्राच्या ते नजरेला पडलं. तो शांतपणे म्हणाला, "अरे, रस्सा वाटीला तोंड लावून प्यायचा असतो. दाट केला तर त्याला रस्सा कोण म्हणेल?"

तोपर्यंत चार महिने माझे दोन तारे त्या खानावळीच्या नावापुढं होते. दोघी जावा मिळून ती चालवत होत्या. त्यांच्याबद्दल तेव्हा जेमतेम चौदा जणांनी लिहिलं होतं, सरासरी ४.५. माझ्या दोन ताऱ्यांनी ती ४.३ वर आली. हजारो अभिप्राय असलेल्या हॉटेलाला एका माणसाच्या लिहिण्यानं काही होत नाही, पण गल्लीतल्या खानावळीला होतं. मी ते लिखाण काढलं, परत जाऊन जेवलो आणि नव्यानं लिहिलं. तेव्हापासून जे शिकत आलो ते इथं क्रमानं मांडतो. उदाहरणं कोल्हापूरची आहेत, पण नाशिक, सोलापूर, सांगलीतही पद्धत हीच ठेवता येईल. तिथल्या पदार्थांची परिमाणं मात्र तिथल्या माणसांकडूनच शिकावी लागतील.

आधी सामान

- खिशात मावणारी वही आणि पेन. जेवताना मोबाइलवर टाइप करत बसलं की मालक अस्वस्थ होतो आणि भाकरीही गार होते. बाहेर पडल्यावर दहा मिनिटांच्या आत लिहा. संध्याकाळपर्यंत आठवणीत फक्त "छान होतं" एवढंच उरतं.
- मोबाइलमध्ये मराठी कीबोर्ड. टाइप करायचा कंटाळा असेल तर बोलून लिहा आणि नंतर शुद्धलेखन तपासा.
- रोख पैसे, सुट्ट्यांसकट. क्यूआर कोड गाड्यांवरही असतात, पण गर्दीच्या वेळी रेंज गेली की तुमच्यामुळं रांग अडते.
- बिल. बिल देत नसतील तर भिंतीवरच्या दरफलकाचा फोटो. तारीख त्यात येतेच.
- वेगळं खाणारा एक सोबती. तुम्ही मटणाचं ताट घेतलंत तर त्यानं चिकनचं किंवा शाकाहारी घ्यावं. एका फेरीत दुप्पट कळतं.

१. काय तपासायचं ते ठरवा

कोल्हापुरात "हॉटेल" या एका शब्दात बरंच काही मावतं. फक्त मिसळ देणारी आणि दुपारी फळी लावणारी हॉटेलं, मटणाच्या घरगुती खानावळी, कट वडा आणि भज्यांच्या गाड्या, भेळेची दुकानं, चहाच्या टपऱ्या, रात्रीचे ढाबे. प्रत्येकाचा हेतू वेगळा. उद्यमनगरातल्या फौंड्रीत पाळीवर जाणाऱ्या माणसाला सकाळी पोटभर मिसळ वीस मिनिटांत देणं हे एखाद्या हॉटेलाचं काम असतं. तिथं जाऊन "बसायला ऐसपैस जागा नाही, वातावरण नाही" असं लिहिणं म्हणजे त्या हॉटेलानं कधी कबूलच न केलेली गोष्ट त्याच्याकडं मागणं झालं. लिहायला बसण्याआधी एक ओळ वहीत लिहा: हे हॉटेल कोणासाठी आहे आणि काय द्यायला बघतंय? पुढचं सगळं त्या ओळीवर तोला.

सुरुवात प्रसिद्ध ठिकाणांपासून करू नका. उद्यमनगरातली फडतरे मिसळ, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, खासबागेजवळची राजाभाऊंची भेळ यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. तिथं तुमच्या शब्दांची कोणाला गरज नाही, शिवाय आधीचं वाचून तुमचीही जीभ तेच म्हणू लागते. त्यापेक्षा घरापासून चालत पंधरा मिनिटांत येणारी पाच ठिकाणं निवडा, जिथं अभिप्राय पंचवीसच्या आत आहेत. शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, मंगळवार पेठ, कुठंही राहत असाल तरी अशी पाच सहज सापडतात.

२. वार आणि वेळ सांभाळा

नवख्यांच्या निम्म्या तक्रारी चुकीच्या वेळी गेल्यामुळं असतात.

मिसळ हा सकाळचा पदार्थ. कट, म्हणजे वरून ओतायचा तिखट रस्सा, पहाटे होतो आणि सकाळी आठ ते दहा हा त्याचा भरातला काळ. साडेबाराला पोचलात तर तळाचा कट मिळेल, कधी पाणी घालून वाढवलेला. तो वाईट लागला तर तसं जरूर लिहा, पण "साडेबाराला गेलो होतो" हेही त्याच वाक्यात लिहा.

मटण मुख्यतः बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, संकष्टी या दिवशी बरेच लोक मांसाहार करत नाहीत, त्यामुळं खानावळीत माल कमी आणतात किंवा काही जण बंदच ठेवतात. श्रावणात तर बरंच चित्र बदलतं. उलट आषाढात, त्र्यंबोलीच्या यात्रेच्या दिवसांत, गल्लोगल्ली मटण शिजत असतं. रविवारी दुपारी एक ते तीन खानावळीची खरी परीक्षा असते. गर्दीत भाकरी गरम येते का, रस्सा परत विचारतात का, हे तेव्हाच दिसतं. पण चवीचा निवाडा बुधवारी करा, स्वयंपाकघर शांत असताना.

३. तीनदा जा

ही पायरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो. गाळू नका. मोठ्या साखळी हॉटेलांत मसाला पाकिटातून मोजून येतो, म्हणून एक फेरी पुरते. खानावळीत चव एका माणसाच्या हातात असते. मिरचीचं पोतं बदललं, नवी चटणी कांडून आली, नेहमीची मावशी गावाला गेली, की चव हलते. पहिल्या फेरीत नेहमीचं ताट घ्या, वहीत टिपा, पण अभिप्राय लिहू नका. दुसऱ्यांदा वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी जा. तिसऱ्या फेरीत जे मागच्या दोन्ही वेळा खटकलं किंवा आवडलं, तेवढंच तपासा. तिन्ही वेळा जे दिसलं ते हॉटेलचं, एकदाच दिसलं ते त्या दिवसाचं. लिहिताना हा फरक ठेवा.

तीनदा जाणं परवडत नसेल, किंवा तुम्ही शहरात दोनच दिवसांसाठी आला असाल, तर "एकदाच गेलो, रविवारी दुपारी दोन वाजता" असं पहिल्याच ओळीत सांगून लिहा आणि तारे देऊ नका. नुसतं लिहून सोडायची सोय नसेल तर तेवढ्यापुरतं लिहू नका.

४. मिसळ वाचायला शिका

इथल्या मिसळीत मोड आलेली मटकी, बऱ्याच ठिकाणी थोडी बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि वरून ओतलेला कट. सोबत बहुतेक ठिकाणी ब्रेडच्या स्लाइस. पुण्या-मुंबईचा माणूस "पाव दिला नाही" म्हणून तारा कापतो. इथं रीत ब्रेडची आहे, ती चूक नाही.

खाण्याआधी चमच्यानं फक्त कट घ्या, ब्रेडच्या कोपऱ्याबरोबर. या गोष्टी शोधा:

तवंग. लाल तवंग म्हणजे तिखट नव्हे. तो तेलात मुरलेल्या चटणीचा रंग आहे, आणि ब्याडगी मिरची जास्त असेल तर रंग गडद आणि तिखटपणा बेताचा असतो. चमच्यानं तवंग बाजूला सारा आणि खालचा रस चाखा. वर झणझणीत आणि खाली नुसतं मिठाचं पाणी लागलं, तर कट नीट उकळलेला नाही.

कडवटपणा. लसूण किंवा सुकं खोबरं करपलं की घशाच्या मागं कडू रेंगाळतं. तिखटाच्या भरात ते पहिल्या घासाला कळत नाही, चौथ्या-पाचव्याला कळतं. म्हणून निम्मी मिसळ संपल्यावर एकदा थांबा, पाणी न पिता.

मटकी. दाण्याचा आकार राहिलेला हवा, बोटात धरून चिरडला की मऊ लागायला हवा. आंबूस वास आला तर मोड जास्त वेळ राहिलेत. हा दोष लपत नाही आणि तो लिहायलाच हवा.

कांदा. ताजा चिरलेला कुरकुरीत असतो आणि त्याच्या कडा पांढऱ्या असतात. सकाळी सहाला चिरून ठेवलेला दहा वाजता वास मारतो.

दुसरा कट. कट परत मागा. तोच येतो की फिका येतो, गरम येतो की कोमट, आणि कपाळाला आठी न घालता वाढतात का, हे पाहा. मिसळीचं हॉटेल ओळखायची माझी सगळ्यात भरवशाची खूण हीच आहे.

"खूप तिखट" असं लिहून वाचकाला काहीच कळत नाही. मी येसरावर, आमच्याकडच्या मसाल्यावर, वाढलेला माणूस, माझं तिखट आणि पुण्याच्या वाचकाचं तिखट वेगळं. एक परिमाण धरा. मी असं लिहितो: "दोन ब्रेड संपेपर्यंत पाणी लागलं नाही" किंवा "तिसऱ्या घासाला नाक वाहू लागलं, शेजारच्या टेबलावरची शाळकरी मुलं मात्र आरामात खात होती." वाचक आपापला हिशोब करतो.

५. मटणाचं ताट

इथं क्रम महत्त्वाचा आहे. ताट आलं की आधी पांढरा रस्सा, मग तांबडा, मग सुकं. तांबडा आधी घेतलात तर तिखटानं जीभ बधिर होते आणि पांढऱ्यातलं बारीक काही कळत नाही.

पांढऱ्याचा पाया म्हणजे मटण शिजवलेलं अळणी पाणी. त्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस किंवा काजूचं वाटण आणि गरम मसाल्याचा हलका वास. चांगल्या पांढऱ्यात आधी मटण लागतं, मग नारळ. नुसता नारळ लागला तर अळणी कमी पडलंय. पीठ लावून दाटपणा आणला असेल तर जिभेवर साय धरल्यासारखं वाटतं आणि वाटीच्या कडेला चिकट थर राहतो. रस्सा गार होऊ द्या आणि मग परत एकदा प्या, पिठाचा रस्सा तेव्हा खीर होतो.

तांबडा पातळच असतो, हे वर सांगितलंच. त्यात कांदा-लसूण चटणीची चव भाजलेली हवी, कच्च्या तिखटाची नको. कच्चं तिखट घशात खवखवतं, भाजलेलं पोटात ऊब देतं. हा फरक शब्दांत पकडायला मला दोन वर्षं लागली. उपाय एकच सापडला: एकाच आठवड्यात तीन खानावळींचा तांबडा पिणं. तुलनेशिवाय जीभ तयार होत नाही.

सुक्या मटणात फोडी मोजा. किती मांसाच्या, किती हाडाच्या, ते आकड्यात लिहा. "मटण कमी दिलं" हे वाद घालायचं वाक्य आहे, "सहा फोडी, त्यात दोन हाडाच्या" ही माहिती आहे. मांस हाडापासून बोटानं सुटतं का पाहा. पालवाचं, म्हणजे कोवळ्या बोकडाचं, मटण असल्याचं सांगतात तेव्हा फोडी लहान आणि हाडं बारीक असायला हवीत. दोन्ही रस्से बहुतेक ठिकाणी हवे तेवढे मिळतात, मटण मात्र ताटात येतं तेवढंच. फलकावर "अनलिमिटेड" लिहिलं असेल तर नेमकं काय ते विचारून घ्या. इथं फसगत झाल्याच्या तक्रारी सतत दिसतात, आणि त्यातल्या निम्म्या न विचारल्यामुळं झालेल्या असतात.

भाकरीकडं दुर्लक्ष करू नका. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येते का, पापुद्रा सुटतो का, दुसरी मागितल्यावर किती वेळ लागतो. आपण रश्श्यावर दहा ओळी लिहितो आणि जिनं चुलीपुढं उभं राहून पन्नास भाकऱ्या थापल्या तिच्यावर एकही नाही. निदान एक लिहा.

६. गाड्या, भेळ, दूध

इथं फार लांबण लावायची गरज नाही. कट वड्यात वडा कटात टाकल्यावर किती वेळ अंग धरून राहतो ते पाहा. भेळेत चुरमुऱ्यांचा कुरकुरीतपणा आणि चिंचेचं पाणी ताजं आहे का, एवढं पुरे. गंगावेशीत समोर म्हशीची धार काढून पेलाभर दूध देतात. तालमींच्या या शहरातली ती जुनी सवय आहे आणि अनुभव म्हणून त्यावर जरूर लिहा. पण ते दूध न तापवलेलं असतं, हे स्पष्ट लिहा. गरोदर बाई, लहान मूल, आजारी माणूस यांच्यासाठी ही माहिती चवीपेक्षा महत्त्वाची आहे.

७. स्वच्छतेवर लिहिताना

डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहा. पिण्याचं पाणी झाकलेलं आहे का, टेबल पुसायचं फडकं कसं आहे, हात धुवायला साबण आहे का, वाढणारा त्याच हातानं पैसे घेतो का, ताटाची कड तेलकट आहे का. भिंतीवर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना लावलेला असायला हवा. त्यावर चौदा अंकी क्रमांक असतो आणि तो बिलावरही छापायचा असतो. लहान गाडीवाल्यालाही नोंदणी लागते. ती दिसली नाही तर "दिसली नाही" लिहा, "परवाना नाही" लिहू नका. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय डोकावू नका. विचारलं तर पुष्कळ मालक अभिमानानं दाखवतात.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगतो. "पब्लिक चांगलं नाही", "तसल्या वस्तीत आहे", "फॅमिलीसाठी नाही" अशी वाक्यं अभिप्रायांत सर्रास दिसतात. त्यात स्वच्छतेची माहिती काहीच नसते. शेजारी कोण बसलंय याबद्दलची नाराजी मात्र असते. निदान या शहरात तरी असं लिहू नये. इथल्या भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी शंभरेक वर्षांपूर्वी 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल काढलं होतं. ते दलित, म्हणून सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढेना. तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. कोण कुठं बसून खातो याला इथं किती अर्थ होता, हे त्यातून कळतं. तुम्हाला एकट्या बाईनं बसण्याबद्दल सांगायचं असेल, तर नेमकं सांगा: किती बायका जेवत होत्या, वेगळी बसायची जागा आहे का, रात्री बाहेर उजेड आहे का, स्वच्छतागृह आहे का आणि त्याला कडी लागते का. माझी बहीण इथं येते तेव्हा हीच चार उत्तरं ती शोधते आणि तिला ती कुठंच सापडत नाहीत.

८. पैशांचा हिशोब

दर तारखेसकट लिहा: "मटण ताट इतके रुपये, अमुक महिना, अमुक वर्ष." तारखेशिवायचा दर सहा महिन्यांत खोटा ठरतो आणि गिऱ्हाईक मालकाशी भांडतं.

बिलात दोन गोष्टी पाहा. एक, जीएसटी. साध्या हॉटेलात तो ५ टक्के असतो. मात्र कंपोझिशन या लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेत नोंद असलेल्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही आणि बिलावर तसं लिहावं लागतं. बिलावर जीएसटी लावलाय पण नोंदणी क्रमांक छापलेला नाही, असं दिसलं तर शांतपणे विचारा. दोन, सेवा शुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यानुसार हॉटेलनं ते आपोआप बिलात घालायचं नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. खानावळीत हे सहसा नसतं, नव्या ढंगाच्या हॉटेलांत दिसतं. काढून मागा. नाही काढलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

९. बोलणं आणि फोटो

जेवून पैसे देईपर्यंत, मी अभिप्राय लिहितो हे सांगत नाही. आधी सांगितलं की ताटात दोन फोडी जास्त येतात, आणि मग तुम्ही लिहिलेलं ताट पुढच्या माणसाला मिळत नाही. पैसे दिल्यावर मात्र जरूर बोला. "मावशी, पांढऱ्यात काजू घालता का?", "काका, चटणी घरीच करता?" एवढ्यानं माणसं मोकळी होतात. हॉटेल कधीपासून आहे, आठवड्यात बंद कधी, शाकाहारी जेवणाची भांडी वेगळी आहेत का, हे इथंच विचारून घ्या. विश्वासानं सांगितलेलं वाटणाचं प्रमाण लिहू नका. ती त्यांची मिळकत आहे.

ताटाचा फोटो आल्या आल्या, खिडकीच्या बाजूनं, फ्लॅश न लावता. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. खानावळीत काम करणाऱ्या पुष्कळ बायकांना आपला चेहरा नेटवर नको असतो आणि त्या तोंडावर नाही म्हणत नाहीत. म्हणून "काढू का?" असं विचारा आणि उत्तर यायला वेळ लागला तर ते नाही समजा.

१०. लिहायला बसा

"अप्रतिम", "लाजवाब", "एकदा नक्की भेट द्या", "जिभेवर चव रेंगाळते" हे शब्द वहीतून खोडा. त्यांनी कोणतंही हॉटेल कोणत्याही हॉटेलसारखं दिसतं. एक नमुना देतो. नाव, दर सगळं काल्पनिक आहे:

"तीनदा जेवलो, दोनदा बुधवारी, एकदा रविवारी. आठ टेबलं, रविवारी पंचवीस मिनिटं थांबावं लागलं. पांढरा रस्सा मटणाच्या चवीचा, मिरी जाणवते, तिन्ही वेळा गरम. तांबडा बुधवारी भाजलेल्या चटणीचा, रविवारी कच्च्या तिखटाचा लागला. सुक्यात सात फोडी, दोन हाडाच्या. भाकरी तव्यावरून थेट. दोन्ही रस्से हवे तेवढे, न मागता विचारतात. मटण ताट २८० रुपये, जून, अमुक वर्ष. सोमवारी बंद. तीन पायऱ्या चढाव्या लागतात, कठडा नाही. गाडी लावायला समोरच्या बोळात जागा."

यात कौतुकाचा एकही शब्द नाही, तरी जावं की नाही ते वाचकाला ठरवता येतं. पायऱ्यांची ती ओळ वगळू नका. म्हाताऱ्या आईला घेऊन जाणारा माणूस तीच शोधत असतो.

हॉटेलचं नाव पाटीवर आहे तसंच लिहा, म्हणजे शोधताना सापडतं. ताऱ्यांचं म्हणाल तर माझा नियम साधा आहे: जे द्यायचं कबूल केलंय ते नीट दिलं तर चार. त्याहून काही वेगळं, मनात राहणारं दिलं तर पाच. तीन म्हणजे काही वेळा जमलं, काही वेळा नाही. दोन किंवा एक द्यायचं असेल तर पुढची पायरी आधी वाचा.

११. अनुभव वाईट आला तर

आधी तिथल्या तिथं, हळू आवाजात मालकाला सांगा. बहुतेक जण ताट बदलून देतात, आणि ते कसं बदललं हेही लिहिण्यासारखं असतं. त्याच रात्री लिहू नका. रागाचं वाक्य रात्री बरोबर वाटतं, सकाळी नाही.

"इथं खाऊन पोट बिघडलं" हे वाक्य सगळ्यात जपून वापरा. त्या दिवशी तुम्ही आणखी कुठं काय खाल्लंत, सोबतच्यांना काय झालं, हे माहीत नसताना दोष एका दारावर टाकता येत नाही. खरोखर संशय असेल, अन्नात काही सापडलं असेल, तर ताऱ्यांनी ते सुटणार नाही. बिल आणि फोटो ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करा. टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५.

कायदाही लक्षात ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे. चवीबद्दलचं प्रामाणिक मत मांडायला हरकत नाही. पण "भेसळ करतात", "शिळं मटण वापरतात", "लुटारू आहेत" हे आरोप आहेत, ते सिद्ध करायची तयारी नसेल तर लिहू नका. "मटणाला वास येत होता, परत दिलं, बदलून मिळालं नाही" एवढं, घडलं तसं लिहा. ते पुरेसं आहे.

१२. फुकटचं ताट

वर्षभर नीट लिहिलंत की बोलावणी येऊ लागतात. फुकट जेवण, सवलत, कधी पैसे. घेतलंत तर पहिल्या ओळीत सांगा. ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय की पैसे, फुकट वस्तू, सवलत किंवा नातं, यातलं काहीही असलं तरी ते उघड करायला हवं. मोबदला घेऊन टाकलेले अभिप्राय गुगल मॅप्सच्याही नियमात बसत नाहीत. आणि मेहुण्याच्या हॉटेलवर लिहूच नका, चांगलं असलं तरी.

उलट बाजूही सांभाळा. काही हॉटेलवाले शेजारच्या स्पर्धकाबद्दल वाईट लिहायला सांगतात. मला एकानं दोन महिन्यांच्या जेवणाच्या बदल्यात सांगितलं होतं. त्या दिवसापासून मी तिथं जेवत नाही आणि त्या दोघांपैकी कोणावरच लिहीत नाही.

१३. सहा महिन्यांनी परत

वहीच्या शेवटच्या पानावर यादी ठेवा: हॉटेल, लिहिल्याची तारीख, परत जायची तारीख. परत गेल्यावर जुनं लिखाण दुरुस्त करा आणि वर नवी तारीख घाला. दर, वेळ, बंदचा वार, स्वयंपाक करणारा माणूस, यातलं काहीतरी बदललेलं असतंच. हॉटेल बंद पडलं असेल तर तेही नोंदवा, म्हणजे बाहेरगावचा माणूस उन्हातून तिथवर जाऊन बंद दारासमोर उभा राहणार नाही.

त्या दोघी जावांच्या खानावळीत मी अजून जातो. मागच्या पावसाळ्यात थोरल्या जाऊबाईंचा गुडघा दुखत होता, भाकऱ्या मुलगी थापत होती, आणि त्या जरा जाड होत होत्या. तेवढी एक ओळ बदलली. पुढची फेरी दिवाळीनंतरच्या पहिल्या बुधवारी.